आधी उंची मोजा, मग तिकिटं काढा

थीम पार्कचा एक दिवस धरून मुलाबाळांसकट एखाद्या शहराची सहल आखायची असेल, तर पहिलं काम मोजपट्टीचं. मुलांना भिंतीला टेकवून उभं करा आणि उंची लिहून ठेवा. विमानाची तिकिटं, हॉटेल, रजेचे अर्ज हे सगळं त्यानंतर. राइडला बसताना मुलाचं वय सहसा कोणी विचारत नाही. रांगेच्या तोंडाशी एक खूण असते, मूल त्या खुणेपर्यंत पोचलं नाही तर आत सोडत नाहीत. विनवण्या करून उपयोग नसतो आणि त्या करूही नयेत, कारण सीटवरची दांडी लहान शरीराला नीट धरू शकत नाही, म्हणून ती खूण तिथे असते.

फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडममध्ये 'टियानाज बायू अॅडव्हेंचर'ला १०२ सेंटिमीटर उंची लागते, 'स्पेस माउंटन'ला ११२. फरक दहाच सेंटिमीटरचा, पण चार-पाच वर्षांच्या मुलाला तेवढं वाढायला वर्षाहून जास्त वेळ लागतो. आमची धाकटी शंभरच्या अलीकडे होती तेव्हा घरात सहलीचा विषय निघाला. मी ती सरळ पुढच्या वर्षावर टाकली. एवढा खर्च करून तिने दिवसभर भावाच्या राइड खालून बघायच्या, हे मला पटेना.

प्रत्येक पार्कच्या वेबसाइटवर राइडनिहाय उंची दिलेली असते. एका कागदावर तीन याद्या करा: सगळ्यांनी मिळून बसायच्या राइड, फक्त मोठ्यांच्या राइड, आणि ज्यांच्याकडे आपल्यापैकी कोणी फिरकायचंच नाही अशा. ही तिसरी यादी मी मनापासून करते. पाठीचं दुखणं, रक्तदाब, गरोदरपण असलेल्यांनी कुठे बसू नये हेही तिथेच लिहिलेलं असतं. मग मुलांना तो कागद घरीच दाखवा. 'ही दादाची, ही तुझी' हे दोन आठवडे आधी कळलेलं मूल पार्कात रुसत नाही. अंधाऱ्या किंवा मोठ्या आवाजाच्या राइडचे व्हिडिओही आधी दाखवा. थोरल्याला उंचीची भीती नाही पण अंधाराची आहे, हे मला असा एक व्हिडिओ बघतानाच समजलं.

दोघा आईवडिलांना मोठ्या राइडवर बसायचं असेल आणि धाकट्याची उंची पुरत नसेल, तर त्यालाही सोय असते. डिस्नेच्या पार्कांत तिला 'रायडर स्विच' म्हणतात, युनिव्हर्सलमध्ये 'चाइल्ड स्विच'. पद्धत पार्कागणिक थोडी बदलते, पण सार एकच: एक जण मुलाजवळ थांबतो, दुसरा राइड करून येतो, मग पहिल्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. राइडच्या दारातल्या कर्मचाऱ्याला आधीच सांगायचं. खूप लोकांना ही सोय माहीत नसते आणि आईच दरवेळी खाली थांबते.

शहर निवडताना पार्क कुठे आहे ते बघा

पार्क आणि शहर यांच्यातलं अंतर हा सहलीचा कणा आहे. १८४३ साली सुरू झालेलं कोपनहेगनचं टिव्होली पार्क मुख्य रेल्वे स्टेशनच्या शेजारी, शहराच्या पोटात आहे. तिथे दुपारी हॉटेलवर येऊन झोपता येतं आणि दिवे लागल्यावर परत जाता येतं. फक्त परत आत घेण्याचा नियम तिकिटावर वाचून घ्या. दुसऱ्या टोकाला नेदरलँड्समधलं एफ्टेलिंग. पार्क अतिशय सुंदर, पण दारात रेल्वे नाही, जवळच्या शहरातून बस धरावी लागते. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर तिथे मुक्काम पार्कजवळच करावा, रोज ये-जा करू नये.

बाकीची बहुतेक मोठी पार्कं या दोन टोकांच्या मधे बसतात. डिस्नेलँड पॅरिस शहरापासून साधारण ३२ किलोमीटर पूर्वेला आहे. मध्य पॅरिसमधून 'आरईआर ए' ही गाडी सुमारे चाळीस मिनिटांत पार्कच्या दारात सोडते. या मार्गाला पूर्वेकडे दोन फाटे फुटतात, त्यामुळे डब्यात चढण्याआधी फलाटावरच्या पाटीवर पार्कच्या स्टेशनचं, म्हणजे मार्न-ला-वालेचं, नाव आहे ना, ते बघायचं. टोक्योत डिस्नेचं माइहामा स्टेशन टोक्यो स्टेशनपासून जेमतेम पंधरा मिनिटांवर आहे. मात्र टोक्यो स्टेशनात तिकडे जाणाऱ्या केइयो लाइनचे फलाट इतर फलाटांपासून इतके लांब आहेत की आतल्या आतच मोठी चाल होते. हाँगकाँगमध्ये सनी बे स्टेशनला गाडी बदलली की डिस्नेची वेगळी छोटी लाइन लागते. तिच्या खिडक्या मिकीच्या आकाराच्या आहेत, त्यामुळे मुलांचा पार्क गाडीतच सुरू होतो. सिंगापूरला हार्बरफ्रंट स्टेशनपर्यंत मेट्रोने जायचं आणि तिथल्या मॉलमधून युनिव्हर्सलचं पार्क असलेल्या सेंटोसा बेटावर नेणारी मोनोरेल धरायची.

हे सगळं इतक्या बारकाईने लिहिते, कारण हॉटेल यावरूनच ठरतं.

हॉटेल

हॉटेल शोधताना लोक नकाशावर शहराचं 'मध्य' बघतात. मी पार्कला जाणारी रेल्वे लाइन बघते आणि तिच्यावरची स्टेशनं लिहून काढते. पॅरिसमध्ये गार द लियों किंवा नास्योंच्या आसपास उतरलात, तर एकदाही गाडी न बदलता पार्क गाठता येतो आणि शहरही हाताशी राहतं. टोक्योत हाच्चोबोरी हे केइयो लाइनचं टोक्यो स्टेशननंतरचं पहिलंच स्टेशन. तिथे राहिलं तर ती लांब पायपीट पूर्ण टळते आणि शहर फिरायला हिबिया लाइन मिळते. सिंगापूरला चायनाटाउन, क्लार्क की, लिटल इंडिया ही सगळी हार्बरफ्रंटच्याच नॉर्थ ईस्ट लाइनवर आहेत. सकाळी जाताना गाडी बदलावी लागली तर फारसं बिघडत नाही. रात्री दहा वाजता खांद्यावर झोपलेलं पोर घेऊन जिने चढउतार करताना एक गाडी बदलणंही जिवावर येतं. म्हणून मी परतीचा रस्ता डोळ्यांसमोर ठेवून हॉटेल निवडते.

पार्कच्या स्वतःच्या हॉटेलात राहावं का, हा प्रश्न हमखास येतो. त्या हॉटेलांचा खरा फायदा सजावटीत नसून सकाळी आहे. डिस्नेच्या बऱ्याच हॉटेलांत राहणाऱ्यांना इतरांच्या आधी पार्कात सोडतात आणि तेवढ्या वेळात एखाद-दुसरी मोठी राइड रांगेशिवाय होऊन जाते. पार्क दोन दिवस करायचा असेल, तर मधली एक रात्र तिथे काढणं मला योग्य वाटतं. एकाच दिवसासाठी मात्र सामान बांधून हॉटेल बदलू नये. हॉटेल बदलण्यात अर्धा दिवस जातो: सकाळी खोली सोडायची, दुपारी तीनशिवाय नवी मिळत नाही, आणि मधे बॅगा सांभाळत बसायचं. तीन-चार दिवसांच्या सहलीत अर्धा दिवस फार मोठा असतो.

आता खोली. बुकिंग करताना मुलांची खरी वयं भरा. 'दोन मोठी माणसं' एवढंच टाकून स्वस्त दिसणारी खोली घेतली, की काउंटरवर जास्तीच्या माणसाचे पैसे मागतात किंवा खोलीच नाकारतात. खोलीत जास्तीत जास्त किती माणसं राहू शकतात, हा आकडा मुख्यतः आगीच्या वेळच्या सुरक्षेसाठी ठरलेला असतो, तो गोड बोलून वाढत नाही. पलंगाची रुंदी सेंटिमीटरमध्ये बघा. अमेरिकेत दोन मोठ्या पलंगांच्या खोलीत चौघं सहज मावतात. जपानमधली 'सेमी-डबल' नावाची खोली म्हणजे साधारण १२० सेंटिमीटरचा एकच पलंग, त्यावर दोन मोठी माणसं आणि एक मूल म्हणजे रात्रभर कोणालाच झोप नाही.

सासूबाई बरोबर असल्या की मला दोन खोल्या लागतात. अशा वेळी 'कनेक्टिंग' आणि 'अॅडजॉइनिंग' यांतला फरक विचारूनच घ्या. पहिल्या प्रकारात दोन खोल्यांच्या मधे आतून दार असतं, दुसऱ्यात खोल्या नुसत्या शेजारी असतात. वेबसाइटवर 'कनेक्टिंग रूमची विनंती' अशी चौकट असते. ती विनंतीच असते, हमी नसते. मी बुकिंगनंतर हॉटेलला ईमेल करून लेखी उत्तर घेते आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा आठवण करते. त्याच ईमेलमध्ये आणखी तीन गोष्टी विचारून घेते: लिफ्ट आहे का आणि लिफ्टपर्यंत पोचायला बाहेर पायऱ्या आहेत का (जुन्या युरोपीय इमारतींत असं असतं), न्हाणीघरात टबची कड ओलांडावी लागते की सपाट शॉवर आहे, आणि चेक-इनच्या आधी बॅगा ठेवून घेतात का. दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसासाठी टबची ती उंच कड दिवसभराच्या चालण्यापेक्षा जास्त धोक्याची असते.

पैशांबद्दल थोडक्यात. दिसणारा दर नेहमीच शेवटचा नसतो. युरोपातल्या बऱ्याच शहरांत माणशी, दर रात्रीचा पर्यटन कर हॉटेलात वेगळा द्यावा लागतो. फ्रान्समध्ये अठरा वर्षांखालच्यांना तो नाही. दुबईत तो खोलीमागे असतो. अमेरिकेतली काही हॉटेलं भाड्यावर 'रिसॉर्ट फी' नावाचं सक्तीचं शुल्क लावतात. आणि मुलं बरोबर असताना रद्द करता येण्याजोगंच बुकिंग करावं, भले थोडं महाग पडो. मुलांचा ताप आपल्या तारखा बघून येत नाही.

कोणता महिना, कोणता वार

आपल्या शाळांच्या सुट्ट्या आपल्याला पाठ असतात. जिथे जायचं त्या देशाच्या शाळांच्या सुट्ट्या कोणी बघत नाही आणि पार्कातली गर्दी त्यांच्यावरच ठरते. जपानमध्ये एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा 'गोल्डन वीक' टाळा. चीन आणि हाँगकाँगच्या बाजूला चांद्र नववर्ष आणि १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा टाळा. फ्रान्समध्ये शाळांचे तीन विभाग आहेत आणि हिवाळ्याच्या व वसंताच्या सुट्ट्या विभागवार मागेपुढे असतात, त्यामुळे तिथे सुट्टीचा हंगाम अपेक्षेपेक्षा लांबतो. अनेक पार्कांत तिकिटाचा दर आता तारखेप्रमाणे बदलतो. त्यांच्या कॅलेंडरवर महागडा दिसणारा दिवस गर्दीचा धरायला हरकत नाही.

वार ठरवायची माझी एक युक्ती आहे. शहरातली संग्रहालयं ज्या दिवशी बंद, तो दिवस पार्कला द्यायचा. पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद असतं, म्युझे दोर्से सोमवारी. टोक्योत उएनोचं राष्ट्रीय संग्रहालय सहसा सोमवारी बंद. म्हणजे कामाचा वार पार्कला मिळतो आणि बंद दारापुढे जाऊन परतण्याची वेळही येत नाही.

सहलीत पार्क कितवा? पहिला नको, प्रवासाचा शीण आणि बिघडलेली झोप घेऊन कोणी बारा तास चालू शकत नाही. शेवटचाही नको. विजा चमकू लागल्या की बाहेरच्या राइड थांबवतात, आणि दिवस वाया गेला तर सरकवायला जागा लागते. दुसरा किंवा तिसरा दिवस उत्तम. तारीख बदलता येईल असं तिकीट मिळत असेल तर तेच घ्या. उन्हाच्या किंवा पावसाच्या दिवसांतच जावं लागत असेल, तर छताखालचं पार्क बघा: अबू धाबीचं फेरारी वर्ल्ड, दुबईचं आयएमजी वर्ल्ड्स, सोलच्या लोट्टे वर्ल्डचा आतला अर्धा भाग.

तिकीट काढताना वयाची रेघही तपासा, ती जगभर एक नाही. दहा वर्षांचं मूल फ्लोरिडाच्या डिस्नेत मोठ्यांच्या तिकिटात मोजलं जातं, पॅरिसमध्ये अजून लहानच असतं, तिथे मोठ्यांचं तिकीट बाराव्या वर्षापासून. तीन वर्षांच्या मुलाला फ्लोरिडात तिकीट लागतं, टोक्योत लागत नाही. वाढदिवस तोंडावर आला असेल तर हा हिशेब तारखेसकट करा आणि वयाचा पुरावा जवळ ठेवा.

पार्कचा दिवस

दार उघडायच्या पाऊण तास आधी तिथे असा. तपासणीची रांग, तिकिटाची रांग यातच वीस-पंचवीस मिनिटं जातात. पहिला दीड तास सोन्याचा. त्या वेळात सगळ्यात जास्त मागणी असलेल्या दोन राइड करून घ्यायच्या, आणि त्या आदल्या रात्रीच ठरलेल्या असायला हव्यात. दाराजवळच्या दुकानांत आणि फोटोंत हा वेळ घालवू नका, ती दुकानं रात्रीही तिथेच असतात. पार्कचं अॅप घरीच उतरवून तिकिटं त्यात भरून ठेवा. त्यात प्रत्येक राइडची रांग मिनिटांत दिसते, आणि दुरुस्तीसाठी बंद असलेल्या राइडही कळतात. ही दुरुस्तीची यादी मी बुकिंगच्या आधीच बघते. मुलाने ज्या एका राइडसाठी वर्षभर हट्ट केला तीच बंद असेल, तर सहलच हलवावी.

अकरा ते चार गर्दी शिगेला असते. तेव्हा रांगा लावू नका. जेवण अकराला उरकून घ्या किंवा दोननंतर करा, आणि मधला वेळ शो, मिरवणूक, छताखालच्या संथ राइड यांना द्या. धाकट्यांची झोप बाबागाडीत होते. पाच वर्षांच्या मुलालाही त्या दिवशी बाबागाडी घ्याच, बहुतेक मोठ्या पार्कांत ती भाड्याने मिळते. व्हीलचेअरही मिळते. सासूबाईंना ती घ्यायची नव्हती, 'मी काय आजारी आहे का' म्हणाल्या. मी त्यांना म्हटलं, "आई, बाहेर आपण कुठेही चालत जाऊ, पण इथे तुम्ही दमलात तर संध्याकाळचे दिवे आणि आतषबाजी बघायची राहील." त्या बसल्या, आणि रात्री शेवटपर्यंत आमच्याबरोबर होत्या. घरातल्या थोरांशी हे बोलणं आदल्या दिवशी, शांतपणे, एकटं गाठून करावं. दारात सगळ्यांसमोर केलं तर त्यांना ते लागतं.

पैसे भरून रांग टाळायची सोय घ्यावी का? डिस्नेने १९९९ साली 'फास्टपास' आणला तेव्हा तो फुकट होता, अमेरिकेतल्या पार्कांत २०२१पासून त्याची जागा पैशाच्या सोयीने घेतली. माझं मत असं: गर्दीच्या तारखेलाच जावं लागलं तर घ्या, किंवा एकाच लाडक्या राइडपुरती मिळत असेल तर तेवढीच. कमी गर्दीच्या दिवशी वेळेवर पोचलेल्या कुटुंबाला तिची गरज सहसा पडत नाही. घरात एखादं मोठं, एकटं बसायला न घाबरणारं मूल असेल तर 'सिंगल रायडर'ची रांग शोधा. रिकाम्या राहिलेल्या सीटवर एकेकाला बसवतात, आणि ती रांग बऱ्याचदा पुष्कळ लवकर सरकते.

हरवण्याची काळजी उघडपणे घ्या. सकाळी हॉटेलच्या दारात प्रत्येक मुलाचा त्या दिवसाच्या कपड्यांत पायापर्यंत फोटो काढा. मनगटावर कागदी पट्टी बांधून तिच्यावर आपला फोन नंबर देशाच्या कोडसकट लिहा, मुलाचं नाव वर दिसेल असं लिहू नका. मुलांना पार्कच्या कर्मचाऱ्याचा गणवेश आणि छातीवरची नावाची पट्टी दाखवून ठेवा: आम्ही दिसलो नाही तर चालत सुटायचं नाही, यांच्यापैकी एकाला सांगायचं. थोरल्याने आणि धाकटीने हे मला दोनदा म्हणून दाखवल्याशिवाय मी आत पाऊल टाकत नाही.

बंद व्हायच्या आधीचा तास पुन्हा चांगला असतो. लहान मुलं घेऊन आलेली कुटुंबं निघालेली असतात, काही आतषबाजीसाठी जागा धरून बसलेली असतात, आणि रांगा आखडतात. बऱ्याच पार्कांत बंद होण्याच्या वेळेआधी रांगेत शिरलेल्यांना राइड मिळते. पण शेवटची गाडी किती वाजता सुटते हे सकाळीच बघून ठेवा, आणि आतषबाजी संपल्याबरोबर गर्दीच्या लोंढ्यात शिरू नका. वीस मिनिटं एका बाकावर बसून राहिलं की स्टेशनवर निदान उभं राहायला जागा मिळते.

उरलेलं शहर

पार्कच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काहीही ठरवू नका. बाकीच्या दिवसांना सकाळी एक ठिकाण आणि संध्याकाळी एक, एवढं पुरतं. दुपारी हॉटेलवर परत यायचं आणि सगळ्यांनी पाय वर करून पडायचं. मुलांना शहरातलं काय आवडेल हे सांगता येत नाही. कधी उंच मनोरा, कधी नदीतली बोट, कधी नुसती बिनड्रायव्हरची मेट्रो. म्हणून प्रत्येकाने एक गोष्ट निवडायची, आजीनेही, आणि ती यादीत आली की ती करायचीच.

परतीच्या दिवशी विमान संध्याकाळचं असेल तर अकराला खोली सोडून बॅगा हॉटेलातच ठेवा. एका पिशवीत मुलांचे प्रवासाचे कपडे, औषधं, पासपोर्ट आणि चार्जर वेगळे काढा, ती पिशवी आपल्याबरोबर. बॅगा घ्यायला परत येण्यात जाणारा वेळ धरून विमानतळाची गाडी ठरवा, आणि त्या गाडीत बाबागाडी व सगळ्या बॅगा मावतील का, हे आदल्या रात्रीच विचारून घ्या.